कूलर बंद करणाऱ्या बाई

पियानोला हात लावण्याआधी बाई त्याचा वास घ्यायच्या.

झाकण उचलायचं, चेहरा आत घालायचा, डोळे मिटायचे आणि दोनदा हुंगायचं. आपल्याकडे बाया वर्षाच्या धान्याची कोठी उघडतात तेव्हा ओल धरली का, कीड लागली का हे आधी नाकानं बघतात, अगदी तसं. वास पटला तर बसायचं. नाही पटला तर खोलीतल्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं बघायचं. "पानी कोनं आनलं अथी?" शिकायला आलेली पोरं एकमेकांकडे पाहायची आणि कुणीतरी दप्तरातली गळकी बाटली हळूच पायामागे सरकवायचं.

दुसरी सवय तोंडाची. "कोन म्हन्ते?" कोणी काहीही सांगितलं की हेच. बाई, तुम्ही काय सुंदर वाजवता! "कोन म्हन्ते?" बाई, औंदा ऊन जास्त आहे. "कोन म्हन्ते?" एकदा चर्चमधले पास्टर घरी आले आणि देव सगळ्यांचं ऐकतो असं म्हणाले. बाईंनी त्यांनाही तेच विचारलं आणि मग चहा दिला.

मी त्यांच्या मागच्या गल्लीत राहते. अमरावतीच्या कॅम्पात झाडी दाट आणि घरं लांबलांब आहेत, त्या झाडीत बाईंचं कौलारू घर. मी पत्रकं लिहिते, छापून आणते, चौकात उभी राहून वाटते. कधी शाळांच्या बंद पडलेल्या नळांवर, कधी बसस्टँडवरच्या बायकांच्या मुतारीवर, कधी गावाच्या जागा गिळणाऱ्यांवर. बाईंच्या फाटकात पत्रक टाकलं की त्या ते तिथंच उभ्या राहून वाचायच्या आणि मला परत बोलवायच्या.

"हे सारं खरं हाय?"

"हो बाई."

"मंग इतकी जोरात काहून लिहितं? पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोंबच बोंब. मधात कुठी हळू बोलशील का नाही?"

"हळू लिहिलं तर वाचेल कोण?"

"जोरात लिहिलं तं कोन वाचून राह्यलं?"

मला राग यायचा. राग येण्यासारखंच होतं. कौलारू घर, अंगणात बोगनवेल, आत परदेशी वाद्य, आणि शिकायला येणारी पोरं कोणाची? डॉक्टरांची, इंजिनियरांची, कचेरीतल्या साहेबांची. अशा घरातून मला जोरात आणि हळू शिकवणार!

तुम्हीही तुमच्या गावात असं एखादं माणूस पाहिलं असेल. बाहेर जाऊन मोठं होतं आणि एक दिवस सामानासकट परत येतं. गाव त्याचा सत्कार करतं, शाल देतं, नारळ देतं, आणि पाठ वळली की विचारतं, आला कशाला? बाई मुंबईत शिकल्या, मग युरोपात शिकल्या, तिथल्या मोठमोठ्या सभागृहांत वाजवलं. अमरावतीच्या प्रत्येक निमंत्रणपत्रिकेत त्यांच्या नावाआधी 'आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या पियानोवादक' असं छापलेलं असे. आता तुम्हीच सांगा, युरोपातली कीर्ती सोडून कोणी अमरावतीत पोरांना सा रे ग म शिकवायला येतं?

मी त्यांना तीन वेळा विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एकदा म्हणाल्या, आई आजारी होती. एकदा म्हणाल्या, थंडीनं बोटं दुखायची. तिसऱ्यांदा संत्र सोलत होत्या, तेव्हा म्हणाल्या, "तिथी मोर्शीचं संत्र भेटत नाही." आमच्या समितीत एका प्रश्नाला तीन उत्तरं देणाऱ्या माणसाकडे कुणी खजिनदारपद देत नाही.

शिकवण्याची तऱ्हाही संशयीच. नवीन मुलाला महिनाभर वाजवूच देत नसत. एक पट्टी दाबायच्या, दाबून धरायच्या आणि म्हणायच्या, आवाज संपला की बोट वर कर. आवाज कधी संपतो हे तुम्ही कधी ऐकून पाहिलंय? तो संपतच नाही. पोरं कंटाळायची आणि एकमेकांकडे पाहून बोट वर करायची.

"तू थ्याच्याकडे पाहून बोट वर केलं."

"नाही टीचर."

"केलं. तुहं बोट तुह्या कानाच्या मागून याले पाह्यजे, थ्याच्या बोटाच्या मागून नाही."

आईबापांवर तर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. कोणी पोराला घेऊन आलं की आधी विचारायच्या, "पोराले शिकवायचं हाय का पियानो सोफ्याच्या बाजूले ठेवाले पाह्यजे?" घरी विजेवरचा कीबोर्ड घेतला असं कळलं तर तोंड असं करायच्या जणू पोराला कोणी नकली दूध पाजलं. पण जी पोरं टिकली, त्यांना त्यांनी कधी सोडलं नाही. परीक्षेच्या दिवशी नागपूरला स्वतः सोबत जायच्या, पोराला ताप आला तर त्याच्या घरी जाऊन पलंगाशेजारी बसायच्या आणि आईनं काढलेला काढा आधी स्वतः चाखून बघायच्या. इथंही संशयच.

आता अकोल्याचं सांगते. खरं सांगायचं ते हेच आहे.

अकोल्यात एक जुनं सभागृह होतं. उंच छत, लाकडी रंगमंच, आणि रंगमंचाच्या कोपऱ्यात कधीकाळी कुण्या कापसाच्या व्यापाऱ्यानं आणून ठेवलेला पियानो. त्यावर कुणी वाजवत नसे. त्यावर बॅनर ठेवत, लग्नात आहेराची भांडी ठेवत. सभागृह एका विश्वस्त मंडळाच्या ताब्यात होतं आणि मंडळानं ठरवलं की ते पाडायचं आणि तिथं दुकानांची इमारत उठवायची. गावाला विचारलं? नाही. आम्ही 'सभागृह बचाव समिती' काढली. अकोल्यातला शकील त्यात होता, मी अमरावतीहून जाऊन येऊन होते. गेटसमोर मांडव टाकला, धरणं धरलं, पत्रकं वाटली. पेपरवाल्यांनी आतल्या पानावर चार ओळी दिल्या.

आणि एक दिवस मंडळाची निमंत्रणपत्रिका हातात आली. 'वास्तूच्या गौरवशाली वाटचालीचा समारोप.' प्रमुख आकर्षण म्हणून आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या पियानोवादक. आमच्याच बाई!

मी तशीच त्यांच्या घरी गेले. त्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

"बाई, हे खरं हाय का?"

"हाय."

"तुमाले माईत हाय ना, ते काय पाडून राह्यले?"

"माईत हाय. तुह्या पत्रकात वाचलं ना मी."

"मग तुमी काहून जाता? थ्याईले शोभेले पाहिजे कोणी. तुमी वाजवलं का लोक म्हनतील, पाह्य, केवढ्या मानानं निरोप देला. बाई, थ्याईनं तुमाले विकत घेतलं."

बाईंनी साडीचं टोक झटकलं, चिमटा लावला आणि माझ्याकडे वळल्या. मला वाटलं होतं, चिडतील.

"घेतलं ना. पियानो देतो म्हने. अध्यक्ष अथी येऊन चार मानसाईसमोर बोलला. मी वाजवायचं, अन् पियानो मले. नाही तं इमारत पाडाच्या दिवशी थो भंगारात जाते. थ्याच्यावर मी शिकली आहे, पोरी. माही माय अकोल्याच्या चर्चमधी बाजा वाजवे. थ्या हॉलचा चौकीदार आमच्या वळखीचा होता, दुपारी मले आत सोडे. एकदा सेक्रेटरीनं पायलं अन् कान धरून बाहीर काढलं. म्हने, टुनटुन बंद कर. मी काय म्हन्ते हे समजून राह्यली का तू?"

"एका पेटीसाठी गावाचं सभागृह?"

"तुमी सभागृह वाचवा. मी पेटी वाचवते. ज्याच्यानं जे उचलते थे थ्यानं उचलावं."

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. मथळा: 'पियानोवाल्या बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?' ते अमरावतीतही वाटलं आणि अकोल्यातही. बाईंच्या फाटकातही टाकलं. त्या दिवशी त्यांनी मला परत बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, "मथळा चांगला हाय. पन मी तुमच्या बाजूले होती असं कोन म्हन्ते?"

कार्यक्रमाच्या दिवशी गंमत झाली. मी सकाळी अकोल्याच्या बसमध्ये चढले, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. बडनेऱ्याच्या आधीच बाई चढल्या आणि रिकामी जागा होती ती माझ्याशेजारची. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बसल्या. मूर्तिजापूरपर्यंत आम्ही बोललो नाही. तिथं बस थांबली, खिडकीतून गरम वारा आत आला, आणि बाईंनी पिशवीतून संत्र्याच्या फोडी काढून अर्ध्या माझ्या हातावर ठेवल्या.

"तू इचारत होती ना, परत काहून आली."

"तुमी तीनदा सांगितलं."

"थे लोकाईले सांगाचं. एकटीनं वाजवलं मी, मुंबईत वाजवलं, दिल्लीत वाजवलं. पन तिकडे मोठ्या हॉलात मी गानाऱ्याच्या मागं. गानारा पुढं उभा राहे, मी बाजूले बसून वाजवे. तो चुकला का आपन सावराचं, अन् लोकाईले समजूबी नाही द्यायचं. तेच काम. मी चांगलं करे थे. लय वर्सं केलं."

"मग?"

"मंग एक दिवस मी चुकली. अन् थ्यानं नाही सावरलं. थांबला अन् माह्याकडे पायलं. साऱ्या हॉलानं पायलं." त्यांनी एक फोड तोंडात टाकली. "तिथी माह्यासारख्या गल्लोगल्ली होत्या वं. दुसऱ्या दिवशी दुसरी बसली थ्या खुर्चीवर. बस."

हे चौथं उत्तर. मला ते खरं वाटलं, म्हणूनच मी सावध झाले. कार्यक्रमाच्या दिवशीच का सांगितलं? माझ्या मांडीवर गठ्ठा असतानाच का?

अकोल्याचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून काही उपयोग नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. लोक घराघरात कूलरसमोर मान टाकून पडलेले. आणि आमच्या वऱ्हाडात माणसाचा मान कशावरून कळतो? कूलरचं तोंड कुणाकडे आहे त्यावरून. जावई आला की कूलर त्याच्याकडे. सभेत पाहुणा आला की कूलर त्याच्याकडे, आणि बाकीचे पत्रिकेनं वारा घेतात. त्या दिवशी मंडळानं भाड्यानं कूलर आणले ते शकीलच्याच अब्बांकडून.

"शकील, तू आपल्या बाजूचा का थ्याईच्या?" मी विचारलं.

"अब्बा का धंदा है, मेरा आंदोलन है," तो म्हणाला. "दोनों को मिला मत."

बाईंचा मान सगळ्यात मोठा, म्हणून सगळ्यात मोठा कूलर, आत वाळ्याचे ओले पडदे, पाण्यानं काठोकाठ भरलेला, मंडळाच्या माणसांनी सकाळपासून रंगमंचावर चालू ठेवला होता. तोंड थेट पियानोकडे. पाहुणीला बसायच्या आधी सगळं थंडगार असावं म्हणून. दुष्टपणा नव्हता हो त्यात. हे मी, त्यांची विरोधक, लिहिते आहे. मनापासून केलेला पाहुणचार होता.

संध्याकाळी आम्ही समितीचे लोक मागच्या रांगांत येऊन बसलो होतो. बेत ठरलेला: अध्यक्ष भाषणाला उभे राहिले की आपण उठायचं, घोषणा द्यायच्या. पुढच्या सोफ्यांवर गावातली वजनदार मंडळी, त्यांच्याकडे वळलेले चार कूलर. बाई रंगमंचावर आल्या. पांढरी सुती साडी, हातात एकही बांगडी नाही. नमस्कार केला. झाकण उचललं, चेहरा आत घातला.

बाहेर काढला तेव्हा तो उतरलेला होता.

"हे कोनं लावलं?" त्यांनी कूलरकडे बोट दाखवलं.

अध्यक्ष हसत पुढे आले. "बाई, तुमच्यासाठीच! सकाळपासून सुरू आहे."

"बंद करा."

"अहो, बेचाळीसच्या वर—"

"पट्ट्या फुगल्या. लाकूड पानी पेते, माईत हाय का नाही? बंद करा. थेबी बंद करा." बोट सोफ्यांसमोरच्या कूलरांकडे. "सारे बंद करा. दारं उघडा, खिडक्या उघडा. बाहीरचं वारं येऊ द्या, वाळू द्या."

बाहेरचं वारं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दारं उघडली आणि भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ आत आली. बाई रंगमंचावर खुर्ची टाकून बसल्या, हात मांडीवर. पियानो वाळेपर्यंत थांबायचं म्हणाल्या.

पहिल्यांदा एक डॉक्टर उठले, त्यांना कॉल आला होता. मग एक नगरसेवक. मग सोफ्यांची अख्खी रांग, बायका पदरानं मान पुसत. अध्यक्ष घामाघूम होऊन बाईंच्या कानाशी काही बोलले, बाईंनी मान हलवली, आणि अध्यक्षही 'पाहुण्यांना सोडून येतो' म्हणून गेले ते थंड गाडीत जाऊन बसले. सभागृहात उरलो कोण? आम्ही. गेटसमोर उन्हात मांडवात बसायची सवय झालेले, घोषणा द्यायला आलेले. आणि ज्याच्याविरुद्ध द्यायच्या तो माणूसच जागेवर नाही! शकील माझ्या कानात म्हणाला, "अब किसके खिलाफ चिल्लाएँ?"

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. "पुढं या ना. सोफे रिकामे हायेत."

आम्ही पुढे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या सोफ्यांवर बसलो. आणि त्यांनी वाजवलं.

मला त्या संगीतातलं काही कळत नाही. जे पाहिलं ते सांगते. काही पट्ट्यांचा आवाज फाटका होता, काहींचा खोल गेलेला, आणि बाई त्या फाटक्या आवाजांशी भांडत नव्हत्या. त्यांना टाळतही नव्हत्या. घामाचे थेंब त्यांच्या कोपरावरून खाली पडत होते आणि त्यांचे हात मात्र इतके सावकाश की मला वाटलं, आता थांबतील. थांबल्या नाहीत. मध्येच एकदा त्या आवाज करायचा सोडून नुसत्या बसल्या आणि तरी ते चालूच होतं असं वाटलं. माझ्या शेजारी शकील तोंड उघडं टाकून बसला होता. मी त्याला कोपर मारलं. मला शंका आली की आपण सगळे फसवले जातो आहोत. कुणाकडून, ते मला सांगता आलं नसतं.

संपल्यावर शकील रंगमंचावर गेला. बाई पाणी पीत होत्या. तेवढ्यात त्यानं हळूच चार-पाच पट्ट्या दाबून पाहिल्या. परत येऊन मला म्हणाला, "सुन, एक भी अटकी नहीं है. सगळ्या आरामात वर येऊन राह्यल्या."

"वाळल्या असतील."

"इतनी जल्दी?"

आता तुम्ही ठरवा. पट्ट्या खरंच फुगल्या होत्या, की बाईंना समोरची मंडळी उठवायची होती? मी त्यांना नंतर सरळ विचारलं. "पट्ट्या फुगल्याच नव्हत्या असं शकील म्हणतो."

"शकील पियानो वाजवते का?" बाई म्हणाल्या. एवढंच.

पण अध्यक्षांना जे समजायचं ते समजलं होतं. बाई पियानो कधी न्यायचा विचारायला गेल्या तेव्हा ते म्हणाले, "कुठला पियानो? पाहुणे उठून गेले, समारंभाचा विचका झाला. आता कसला शब्द?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या मांडवात येऊन सतरंजीवर बसल्या.

मी म्हटलं, "आता काहून आल्या?"

"तुमच्यासाठी नाही आली. पेटीसाठी आली."

त्या रोज यायच्या. अमरावतीहून पहिल्या बसनं, संध्याकाळी परत. अमरावतीतले क्लास बंद. घोषणा द्यायच्या नाहीत, पण आमच्या घोषणांवर लक्ष ठेवायच्या. "पळून राह्यल्या," म्हणायच्या. "पहिली ओळ संपू द्या ना, काहून एकमेकाईच्या अंगावर पडता?" आणि मांडीवर हातानं ठेका धरायच्या. खरं सांगू? घोषणा सुधारल्या. रस्त्यावरचे लोक थांबून ऐकायला लागले.

आणि पोरांचे क्लास बुडाले म्हटल्यावर अमरावतीचे ते डॉक्टर, ते इंजिनियर, कचेरीतले साहेब फोन करू लागले. कोणाचा अकोल्यात साडू, कोणाचा वर्गमित्र. दोन आया तर डबे घेऊन मांडवात येऊन बसल्या. पेपरात पहिल्या पानावर बाईंचा फोटो आला. इतके दिवस आम्ही उन्हात भाजत होतो तेव्हा कॅमेरा दिसला नव्हता! मला बरं वाटलं आणि संतापही आला. पण पहिल्यांदा वाटलं की सभागृह वाचू शकतं.

मग मंडळाचा माणूस आला. सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "बाई, अध्यक्षांनी सांगितलंय, पियानो आजच्या आज न्या. हमाल देतो, गाडी देतो. फक्त इथून उठा."

मी बाईंजवळ सरकले.

"बाई," मी म्हटलं, "हे आपल्याले तोडून राह्यले."

"माईत हाय मले."

"तुमी उठल्या तर उद्या अथी कोनी येत नाही. पेपरवाले येत नाहीत, त्या आया येत नाहीत."

"माईत हाय."

"मग?"

"मंग काय? सभागृह देऊन राह्यले का थे तुमाले? नाही ना. माही पेटी देऊन राह्यले मले. मी घेते." त्या सतरंजीवरून उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, कारण इतके दिवस खाली बसायची त्यांना सवय नव्हती. साडी झटकली. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही, पण ते मागे घेतलेलंही नाही. त्या गेटमधून आत गेल्या.

माझा संशय खरा ठरला होता. पहिल्या दिवसापासून सांगत होते ना मी?

आठवड्याभरात मांडव ओस पडला. पावसाच्या आधी सभागृह पाडलं. आज तिथं दुकानं आहेत, मोबाइलची, कपड्यांची, एक दवाखाना. मी बाईंच्या फाटकावरून जायचं सोडलं, लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले.

पोळा झाल्यावर कधीतरी शकील म्हणाला, "एक गोष्ट दाखवतो. चिल्लाना मत." आणि मला त्यांच्या कूलरच्या गोदामात घेऊन गेला. पत्र्याचं शेड, भाड्यावरून परत आलेले कूलर एकावर एक रचलेले, आणि भिंतीशी लाकडी फळ्यांवर उचलून ठेवलेला तो पियानो. समोर बाई बसलेल्या. शेजारी दोन मुली, एक मोहल्ल्यातलीच, एक जुन्या शहरातली.

मी शकीलकडे पाहिलं. "तुले माईत होतं?"

"पहिले दिन से," तो म्हणाला. "बाईनं कसम घातली होती."

"अमरावतीले काहून नाही नेला?" मी बाईंना विचारलं. नमस्कारही केला नाही.

"अमरावतीले माहा हाय ना एक. हा अकोल्याचा होय."

"मांडवात तुमी म्हटलं, माही पेटी."

"अकोल्याची पेटी म्हटलं असतं तं थ्या अध्यक्षानं देली असती का? थो सोताले अकोला समजते."

मुली हसल्या. मी नाही हसले. "पण सभागृह गेलं, बाई."

यावर काहीतरी उलटं येईल म्हणून मी वाट पाहत होते. त्या पट्ट्यांकडे पाहत राहिल्या.

"हो," म्हणाल्या. "थे गेलं."

त्यानंतर त्या दर रविवारी अकोल्याला जायच्या. गोदामात शिरताना प्रत्येक कूलरच्या टाकीत हात घालून बघायच्या. शकीलचे अब्बा, पांढरी दाढी, मोजकं बोलणारे, हात जोडायचे: "बाईजी, सब सूखा है, कसम से." बाई तरी हात घालायच्याच. अब्बांनी जागेचं भाडं कधी मागितलं नाही, आणि बाईंना ते अखेरपर्यंत खटकत राहिलं. मला विचारायच्या, "याच्या मनात काय असंल वं?" मी म्हणायचे, मला काय माहीत. मी स्वतःच तोवर रविवारी त्यांच्यासोबत बसनं जाऊ लागले होते. का, ते विचारू नका. नजर ठेवायला, असं समजा. बसमध्ये आम्ही भांडायचो. त्या दिवशी त्यांनी उठायला नको होतं हे मी दर रविवारी म्हणायचे, आणि त्या खिडकीबाहेर बघायच्या. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की मी चूक आहे. बरोबर आहे असंही नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं सांगितलेलं सगळं त्यांनी पुन्हा नर्सला विचारून खात्री केली, आणि पहाटे गेल्या. अमरावतीचा पियानो भाच्यानं नागपूरला नेला. कब्रस्तानात अकोल्याहून एक मेटाडोर भरून पोरी आणि त्यांच्या आया आल्या होत्या, आणि कॅम्पातल्या साहेब लोकांनी त्यांच्याकडे पाहून एकमेकांना विचारलं, हे कोण?

गोदामातला पियानो आता नुसता पडून आहे. अब्बांनी त्याच्याभोवती दोन हात जागा रिकामी ठेवली आहे, पण शेड पावसाळ्यात गळतं आणि अब्बाही थकले. म्हणून मी महापालिकेकडे मागणी लावून धरली आहे: अकोल्यात एक खोली द्या. मोठी नको. कोरडी पाहिजे.

परवा तिथल्या साहेबांनी अखेर भेट दिली. माझं पत्रक त्यांच्या टेबलावर होतं, वरच्या पंख्यानं फडफडत. त्यांनी ते पेपरवेटखाली ठेवलं, चष्मा काढला आणि मला तोच प्रश्न विचारला जो मला स्वतःला दोन महिने झोपू देत नाही.

"खोली दिली समजा. वाजवणार कोण, मॅडम?"

सगळ्यांत आधी शिकायला लागलेल्या त्या दोन मुलींनाही अजून दोन्ही हातांनी नीट येत नाही. शिकवणारं अकोल्यात कुणी नाही, अमरावतीत कुणी नाही.

मी म्हटलं, "आधी खोली द्या."